मिठाचा रकाना

घरात सर्व्हर कुठे ठेवावा यावर आमच्याकडे पहिली बैठक झाली आणि त्या बैठकीत कोबी करपला. बैठक म्हणजे मी बोलत होतो आणि बायको गॅसकडे पाठ करून ऐकत होती. एरवी ती माझं बोलणं गॅसकडे तोंड करून ऐकते, त्यामुळे आमच्या घरात सहसा काही करपत नाही. त्या दिवशी तिने मला मान द्यायचं ठरवलं आणि त्याची किंमत कोबीने मोजली.

मूळ कारण साधं होतं. हिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईंचं, खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ताई दुसऱ्या गावी एकट्या राहतात. ऑपरेशननंतर दोन महिने तरी कुणीतरी जवळ हवं, आणि हिच्या माहेरी 'कुणीतरी' या शब्दाचा अर्थ पहिल्यापासून एकच आहे, तो म्हणजे ही. जायला ती एका पायावर तयार होती. घोडं अडलं होतं ते अप्पांपाशी.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून त्यांचं जेवण हा आमच्या घरातला नाजूक विषय आहे. सुरुवातीला ते इतकं कमी जेवू लागले की त्यांच्या पट्ट्याला नवी भोकं पाडून आणावी लागली. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, मन लागत नसेल. पुढे हिने काय जादू केली कोण जाणे, पण हळूहळू ते नीट जेवू लागले आणि पट्टा पुन्हा बाहेरच्या भोकांकडे सरकला. मध्ये एकदा ही चार दिवस ताईंकडे गेली होती. मी बाहेरून उत्तमातलं उत्तम जेवण मागवलं, आणि ती परत आली तेव्हा पट्टा पुन्हा आत गेलेला होता. दारात चपला काढायच्या आधी तिने पट्ट्याकडे बघितलं. चार दिवस मी घर कसं सांभाळलं हे सांगायला मी तिथेच उभा होतो, पण माझ्याकडे बघायला तिला वेळ झाला नाही.

"चार दिवसांत ही गत," ती आता म्हणत होती, "दोन महिन्यांत काय होईल?"

"तू निश्चिंत जा," मी म्हणालो. "मी ॲप करतो."

मी एका विमा कंपनीत कार्यपद्धती विभागात आहे. लोकांनी काम कसं करावं हे मी लिहितो, ते काम मला स्वतःला करावं लागत नाही. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर कशी न्यावी यावर माझी एक पुस्तिका आहे. ती वाचून फाईल नेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण तो दोष पुस्तिकेचा नाही. तेव्हा आपल्या घरातल्या स्वयंपाकाची रीतसर कार्यपद्धती तयार करावी, प्रत्येक पदार्थ मापासकट, पायरी-पायरीने ॲपमध्ये बसवावा, म्हणजे कुणीही, अगदी मीसुद्धा, तो तसाच्या तसा करू शकेल, हे मला सहज सुचलं. "म्हणजे तू तिकडे गेलीस तरी तुझा हात इथेच राहील," असं एक वाक्यही मी म्हणालो. ते मला फार जमून आल्यासारखं वाटलं.

तिने दोन्ही हात टॉवेलला पुसले. "ॲप वाढणार आहे का त्यांना जेवायला?"

"वाढायला मी आहे की."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि तेवढ्यात आम्हाला कोबीचा वास आला.

आता कुणी म्हणेल, अशी ॲप्स हवी तितकी मिळतात, एखादं घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. पण ऑफिसने नुकतंच मला एका व्याख्यानाला पाठवलं होतं. 'आपली माहिती आपल्या घरात' असा विषय होता. वक्त्यांनी सांगितलं की आपण आपली सगळी माहिती परक्या कंपन्यांच्या संगणकांवर ठेवतो आणि मग रात्री शांत झोपतो, हे भयंकर आहे. मी त्या रात्री झोपलो नाही. म्हणून ॲप चालेल ते आपल्याच घरात, आपल्याच संगणकावर, हे मी पहिल्याच बैठकीत पक्कं केलं. आपली डाळ किती वेळ शिजते हे परक्या कंपनीला का कळावं?

"कळलं तर काय होईल?" हिने विचारलं.

हा मुद्दा व्याख्यानात घेतलेला नव्हता.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त ऑडिटर राहतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांच्या हातांना काम उरलेलं नाही, आणि मी जिन्यात दिसलो की त्यांना बरं वाटतं. माझी योजना ऐकून ते दोन पायऱ्या खाली आले.

"मिठाचं प्रमाण बदलायचा अधिकार कुणाला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, घरात सगळ्यांनाच.

"गेलं मग सगळं!" ऑडिटर म्हणाले. "आज कुणी चिमूटभर वाढवेल, उद्या मूठभर वाढवेल. पत्ता लागणार नाही तुम्हाला. मिठाला दोन माणसांची संमती लागली पाहिजे. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. आणि ते यंत्र उंचावर ठेवा, कुणाचा हात पोचता कामा नये."

त्यांचं म्हणणं मला पटलं. मी रातोरात आराखडा सुधारला. मिठाला, तिखटाला आणि साखरेला मंजुरीचा स्वतंत्र रकाना आला. घरात माणसं तीन. हिने सुचवायचं आणि मी मंजूर करायचं असं ठरलं. हे मी हिला समजावून सांगितलं तेव्हा तिने मिठाची बरणी उचलून माझ्या हातात दिली. मला वाटलं, तिला पटलं.

सर्व्हर म्हणून मी माळ्यावरचा जुना संगणक काढला. तो दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत लावून टाकलं. "साहेब, हा चालू झाला तरी उपकार माना. त्याच्याकडून कामाची अपेक्षा ठेवू नका." शेवटी त्याने नवा पंखा बसवून दिला. तो सुरू झाला की पिठाची गिरणी लागल्यासारखी वाटायची. उंच जागा आणि विजेचा पॉइंट एकत्र असतील असं घरात एकच ठिकाण निघालं, शेगडीच्या वरची फळी. तिथले डाळींचे डबे मी खाली, कपाटामागे नेऊन ठेवले. पुढचे काही दिवस ही डाळ शोधत होती आणि मी तिला 'स्थलांतराचा काळ' कसा अवघड असतो ते समजावत होतो. अप्पा खोलीतून विचारायचे, "कसला आवाज आहे रे?" मी म्हणायचो, "सर्व्हर आहे, अप्पा." ते म्हणायचे, "बरं." आई असताना त्यांनी असलं काही 'बरं' म्हणून सोडलं नसतं.

हा सर्व्हर ऑफिसातून किंवा ताईंच्या घरून उघडायचा तर इंटरनेटचा कायमचा पत्ता लागतो, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. म्हणून मी इंटरनेट कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, "कायमचा पत्ता कशासाठी हवा?"

"घरगुती जेवणासाठी," मी म्हणालो. मी पुढे पुष्कळ खुलासा केला, परंतु बाईंचं लिहून झालं होतं. त्यांनी व्यवसायाच्या जागी 'खानावळ' लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी म्हणालो, हे चुकलंय. त्या म्हणाल्या, बदल करायचा तर आधी अर्ज मंजूर व्हावा लागतो, मंजूर झाल्याशिवाय त्यात बदल करता येत नाही. एक कार्यपद्धतीचा माणूस म्हणून मला या वाक्याचं कौतुक वाटलं. मी मुकाट्याने घरी आलो.

अर्ज मंजूर झाला आणि कंपनीने आपल्या नव्या व्यावसायिक ग्राहकाचं अभिनंदन करणारं पत्र इमारतीच्या पत्त्यावर धाडलं. ते सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हाती पडलं आणि बातमी इमारतभर झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक गृहस्थ रिकामा डबा घेऊन दारात उभे. "भात थोडा जास्त असू द्या," ते म्हणाले. त्यांना घालवून देईपर्यंत सेक्रेटरी कमिटीच्या दोन सभासदांना घेऊन आले. राहत्या इमारतीत खानावळ चालवायला मनाई आहे, हे त्यांनी मला वाचून दाखवलं. मी त्यांना योजनेचा आराखडा दाखवला. सर्व्हर दाखवला. मिठाच्या मंजुरीचा रकाना दाखवला. तिघेही फळीवरच्या गुरगुरणाऱ्या संगणकाकडे बघत राहिले.

"म्हणजे जेवण विकत नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही."

"मग हे सगळं कशासाठी?"

हिने पटकन तिघांना खुर्च्या दिल्या, सूप दिलं, वर गरम पाव दिला. तिघांनी पुन्हा मागून घेतलं. पाहणीचा अहवाल माझ्या बाजूने लागला, मात्र जाताना एक सभासद मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "पण समजा, पुढेमागे सुरू केलीत, तर मला आधी सांगा." माझ्या योजनेत इतक्या प्रामाणिकपणे कुणी रस घेतला नव्हता, फक्त तो रस योजनेत नव्हता, सुपात होता.

एवढं होईस्तोवर ताईंच्या ऑपरेशनची तारीख जवळ येऊन ठेपली होती, आणि ॲपमध्ये पाककृती एकही नव्हती. शीर्षकं मात्र पुष्कळ होती. त्यात 'आईच्या खास पाककृती' हाही एक विभाग मी उघडला होता. माझी आई फार सुगरण होती असं मी लोकांना सांगत असतो, सगळेच सांगतात. मला तिचा असा पदार्थ काही आठवत नव्हता, म्हणून मी अप्पांना विचारायला गेलो.

"तिच्या पाककृती?" अप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे?" आणि ते कुशीवर वळून पडून राहिले. मला वाईट वाटलं. अजून जखम ओली आहे, असं मी हिला सांगितलं. ती 'हं' म्हणाली. तो विभाग रिकामाच राहिला.

मग मी वजनकाटा आणला आणि हिच्या मागे लागलो. स्वयंपाक ही इतकी बेशिस्त गोष्ट असेल याची मला कल्पना नव्हती.

"मीठ किती?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती ग्रॅम?"

"अहो, टाकताना कळतं."

"ॲपमध्ये 'टाकताना कळतं' लिहिता येत नाही. रकान्यात फक्त आकडा बसतो."

"मग तुमचा रकानाच लहान आहे," ती म्हणाली.

तरी तिने माझं ऐकलं. मुकाट्याने प्रत्येक चिमूट काट्यावर ठेवायची, आकडा सांगायची, मग भांड्यात टाकायची. एका माणसाला बटाट्याची भाजी करताना आठ वेळा थांबवायचं आणि त्याने एकदाही झारा उगारायचा नाही, हे फार मोठं मन झालं. ते मला आत्ता लिहिताना जाणवतंय. तेव्हा मी आकडे लिहून घेत होतो.

आणि या मापाच्या दिवसांत जेवण असं काही उतरलं म्हणता! मीठ बरोबर, तिखट बरोबर, डाळ ना घट्ट ना पातळ. जेवण झालं की अभिप्राय द्यायची सोय मी अप्पांच्या शेजारी मोबाईलवर केली होती. ते रोज पाचही तारे दाबायचे आणि म्हणायचे, "छान." मी हवेत होतो. ऑडिटरांनासुद्धा मी ते तारे नेऊन दाखवले. त्यांना त्यात चूक सापडली नाही आणि ते खिन्न झाले.

हिचं लक्ष ताऱ्यांकडे नव्हतं. ती अप्पांचं ताट उचलायची, त्यात अर्धी भाजी तशीच असायची. एका सकाळी ती मला बाल्कनीत घेऊन गेली.

"अप्पांचा पट्टा बघितलात?"

मी बघितला नव्हता.

"माझ्याच्याने जायचं होत नाही हो," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "ताईला कळवते मी, दुसरं कुणी बघ म्हणून."

"दुसरं आहे कोण तिला?"

"कुणी नाही." तिने वाळत घातलेला टॉवेल उगाच पुन्हा झटकला. "एकीकडे ती, एकीकडे हे. मी काय करू?"

"पण अप्पा रोज छान म्हणतायत!"

"तेच तर," ती म्हणाली. "तुमच्या मापात काहीतरी सुटतंय."

"काय सुटतंय? सांग, मी घालतो."

काहीतरी सांगावं की नाही असं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. "असू दे," ती म्हणाली.

आता मात्र माझा स्वाभिमान दुखावला. मी म्हणालो, माझ्या बापाला मी दोन महिने जेवू घालू शकत नाही का? माझ्यावर एवढाही भरवसा नाही? मी इतकं आणि इतक्या मोठ्याने बोललो की तिसऱ्या दिवशी ती निघाली. गाडीत बसताना तिने खिडकीतून माझा हात धरला.

"अप्पा छान म्हणाले ना, की मला लगेच फोन करा."

"म्हणजे चांगली बातमी लगेच कळवायची?"

"हो," ती म्हणाली. "तसंच समजा."

घरी आलो आणि कामाला लागलो. ॲपमध्ये एकच पाककृती पुरी झाली होती, ती बटाट्याच्या भाजीची. पण ती शंभर टक्के पुरी होती. मी काट्यावर मीठ तोललं, स्वतःच सुचवलं, स्वतःच मंजूर केलं. भाजी हुबेहूब झाली. अप्पांनी चार घास खाल्ले, तारे दाबले, "छान," म्हणाले आणि उठले. दुसऱ्या दिवशी तीच भाजी, तेच तारे. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोनच घास खाल्ले. ताट ढकललं नाही, कुरकुर नाही, काही नाही. नुसतं छान. उठताना त्यांनी पट्ट्याचं बक्कल हातात धरलं आणि तसेच खोलीपर्यंत गेले.

मी हिला फोन केला. फोन चांगल्या बातमीसाठी करायचा होता. मी म्हणालो, छान म्हणतायत.

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस."

"परवा येते मी," ती म्हणाली. मागून ताईंचा आवाज आला, "काय झालं गं?" आणि ही त्यांना म्हणाली, "काही नाही, तू पड." ऑपरेशन नुकतंच झालेलं, ताईंना अजून स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. मी फोन ठेवला आणि शेगडीपाशी जाऊन उभा राहिलो. एवढा आराखडा, एवढा सर्व्हर, आणि माझ्या हातून एक म्हातारा माणूस जेवत नव्हता. बापाला भरवता येत नाही आणि बायकोला तिच्या आजारी बहिणीपाशी राहू देता येत नाही, असा मी एक कार्यपद्धतीचा तज्ज्ञ. मला रडू यायला लागलं आणि त्याची कार्यपद्धती मला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एका बाजूला डाळीचा कुकर लावला आणि दुसऱ्या बाजूला बटाटे टाकले. मोबाईलवर पाककृती उघडली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. वाफ सरळ वर गेली, ऑडिटरांच्या सल्ल्याने उंचावर ठेवलेल्या सर्व्हरच्या पोटात शिरली, आणि 'फट्' असा आवाज होऊन गिरणी थांबली. त्याबरोबर पंखा गेला, फ्रिज गेला आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. मोबाईलवरची पाककृती सर्व्हरसोबत निवर्तली.

सेक्रेटरी दारावर. "तुमच्या खानावळीचंच ना हे?" मी त्यांना सर्व्हर दाखवला. त्यातून एक बारीक धूर निघत होता. वरून ऑडिटर आले आणि म्हणाले, "राखीव प्रत कुठे आहे?" सगळी माहिती जवळ असावी म्हणून राखीव प्रत मी त्याच संगणकात ठेवली होती. हे ऐकून कित्येक दिवसांनी ऑडिटरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. वायरमन बोलवा, कुणाची लिफ्ट अडकली आहे, माझं दूध नासेल, अशा बारा भानगडी निस्तरून मी स्वयंपाकघरात परत आलो तेव्हा बटाटे खालून कोळसा झाले होते. वरचे अजून कच्चे होते. मीठ टाकलं होतं की नाही ते आठवेना. चाखून बघायचं धैर्य नव्हतं. बाहेरून काही मागवावं म्हटलं तर अप्पा आधीच टेबलाशी येऊन बसले होते. मी मान खाली घालून ती भाजी वाढली.

अप्पांनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले.

मी वाट बघत होतो ती 'छान'ची.

"मीठ?" अप्पा म्हणाले.

"विसरलो असेन, अप्पा."

"विसरलास?" त्यांनी दुसरा घास घेतला. "आणि हे काय? बटाटा आहे का दगड? खालून जाळलाय, वरून कच्चा ठेवलाय. एका कढईत दोन्ही करायला अक्कल लागते हो!" तिसरा घास. "माणसाने लक्ष ठेवावं, गॅस बारीक करावा. पण ऐकतंय कोण? सांगून सांगून जीभ झिजली!" त्यांचा आवाज चढत होता आणि हात थांबत नव्हता. ते बोलत होते, खात होते, मध्येच बटाट्याची करपलेली बाजू मला उचलून दाखवत होते आणि तीही तोंडात टाकत होते. ताट रिकामं झालं. त्यांनी ते पुढे सरकवलं.

"वाढ."

मी बावळटासारखा उभा होतो.

"वाढ म्हणतो ना! एवढी केलीयस ती कोण खाणार?"

मी वाढलं. अप्पांनी एक फोड हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"अगदी तिच्यासारखी बिघडवलीस रे."

"कुणासारखी?"

"तुझ्या आईसारखी. दुसऱ्या कुणाला जमणार आहे असं?"

मी खुर्चीवर बसलो. अप्पा बोलायला लागले. आई गेल्यापासून त्यांनी तिच्याबद्दल चार वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती. तिचं स्वयंपाकात लक्ष म्हणून कधी नसायचं, हातात पुस्तक नाहीतर खिडकीबाहेर कुणाशी गप्पा. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मीठ विसरली. अप्पा बोलले, ती उलट बोलली. ते भांडण तिथून सुरू झालं आणि चाळीस वर्षं दोन्ही वेळा जेवताना चाललं. मला ते भांडण आठवत होतं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी जेवताना असाच आवाज होत असेल.

"मग ती काय म्हणायची?" मी विचारलं.

"काय म्हणणार! म्हणायची, हात आहेत ना तुम्हाला? उठा आणि घ्या मीठ." अप्पांनी डोळे मनगटाने पुसले. मग माझ्याकडे बघून वैतागल्यासारखं म्हणाले, "बसलायस काय? म्हण ना."

"काय म्हणू?"

"तेच!"

जमेल तेवढा आवाज काढून मी माझ्या वडिलांना म्हणालो, "हात आहेत ना तुम्हाला? उठा आणि घ्या मीठ."

अप्पा उठले. पुटपुटत, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले, मिठाची बरणी घेऊन आले. आपल्या भाजीवर चिमूटभर टाकलं. मग माझ्यासमोर ताट नाही हे बघून ते ओरडले, "तुझं ताट कुठाय?" मी ताट घेतलं, त्यांनी माझ्याही भाजीवर मीठ टाकलं, आणि आम्ही दोघांनी ते बटाटे संपवले. इतकं वाईट मी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं, निदान आई गेल्यापासून तरी.

ते हात धुवायला गेले तसा मी हिला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"आई गेल्यावर मी जीव ओतून स्वयंपाक करायची हो. ते छान म्हणायचे आणि उठून जायचे. एकदा घाईत मीठ राहिलं, तर मला एवढं बोलले आणि ताट पुसून खाल्लं! तेव्हापासून कशात तरी काहीतरी कमी ठेवते मी. कधी मीठ, कधी डाळ जरा कच्ची. रोज नाही, त्यांना संशय येईल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याचा रकाना केला असता."

मी फळीवरच्या थंड पडलेल्या सर्व्हरकडे बघितलं.

"मला मुद्दाम बिघडवावं लागतं," ती अगदी जपून म्हणाली, "तुम्हाला तशी गरज पडणार नाही." मग थोडं थांबून, "अहो, मग मी राहू ना ताईपाशी? खरंच राहू?"

"राहा," मी म्हणालो. "तिला चालती करूनच ये."

पलीकडून पुन्हा नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती काहीतरी म्हणत होती, पण मला ते नीट ऐकू आलं नाही, कारण आतून अप्पा ओरडत होते, "उद्या काय बिघडवणार आहेस रे?"